मला तर स्पष्ट ऐकू येतंय

हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही. स्टाफरूममध्ये जिच्या डब्यातली भाजी मी इतकी वर्षं हक्कानं ओढून खाते, त्या मैत्रिणीला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय. का, ते मला नीटसं ठाऊक नाही — तुम्ही मला ‘मॅडम’ म्हणत नाही, म्हणून असेल. मॅडम म्हटलं की माझी मान आपोआप ताठ होते, आणि ताठ मानेनं ही गोष्ट तोंडातून निघायची नाही.

आधी एक सांगून टाकते. मी चांगली शिकवते. खोटा विनय मला जमत नाही आणि आवडतही नाही. पनवेलमधल्या एका नर्सिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुली माझ्या हाताखाली येतात. कामोठ्याच्या, सुकापूरच्या, उरणकडच्या गावांतल्या. ताप, नाडी, श्वास, बीपी — एवढं त्यांच्या अंगी मुरवायचं, हे माझं काम. नाडी बघताना बोटं ठेवा, अंगठा नको. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, मग पेशंट राहतो बाजूला आणि तुम्ही बसता स्वतःलाच मोजत. श्वास मोजताय हे पेशंटला कळू देऊ नका. कळलं की तो फोटो काढून घेतल्यासारखा श्वास घ्यायला लागतो. हात नाडीवरच ठेवा आणि नजर हळूच छातीवर न्या. या मुली पुढे मोठमोठ्या हॉस्पिटलांत जातात तेव्हा तिथल्या सिस्टर विचारतात, कुणाच्या हाताखाली शिकलीस गं? मुली माझं नाव सांगतात. मला ते आवडतं. का नाही आवडणार?

आणि पहिल्याच दिवशी मी वर्गात काय सांगते, माहितीये? जे डोळ्यांना दिसलं, बोटांना लागलं, कानांना ऐकू आलं तेच सांगायचं. मनचा आकडा सांगायचा नाही. पुढच्या बाकावरच्या मुली लगेच माना डोलावतात. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसतं. मी त्या खुसखुसणारीला उभं करते आणि तेच वाक्य तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेते. दरवर्षी. न चुकता.

आता तुम्ही म्हणाल, बाई, यात लपवण्यासारखं काय आहे? थांबा जरा. मला सरळ चालत तिथे जाता येत नाहीये, थोडं वळसे घालत जाऊ द्या.

दहाबारा वर्षं झाली असतील. तेव्हा मी आजच्याइतकी मुरलेली नव्हते, पण तोरा आजच्याइतकाच होता. त्या वर्षीच्या बॅचमध्ये दर्शना नावाची एक मुलगी होती. पनवेल-उरण रस्त्यावरच्या एका गावातली. शेती कधीच प्रकल्पात गेलेली, वडिलांनी भाड्याच्या खोल्या बांधलेल्या, भाऊ द्रोणागिरीच्या गोदामांकडे ट्रेलर फिरवायचे. घरात शिकायला बाहेर पडलेली ही पहिलीच मुलगी. तिचे चुलते म्हणायचे, लोकांची अंगं पुसायला पोरगी कशाला पाठवायची? वडिलांनी भावाचं न ऐकता पाठवली होती. वर्षभर सगळ्या घराचे डोळे हिच्यावर. पास झाली तर वडील खरे, नापास झाली तर चुलते खरे — असा सगळा मामला होता, आणि हे मला माहीत होतं. पहिल्याच पालकसभेत वडिलांनी हात जोडून मला सांगितलं होतं.

मुलगी कशी होती? सांगते. बोलायला फटकळ. ‘नाय’ म्हणायची, ‘हाय’ म्हणायची, मी सुधारायला गेले की हसायची आणि पुन्हा तेच. पण पेशंटच्या कॉटजवळ गेली की तिचं सगळं अंग शांत व्हायचं. बाकीच्या मुली नाडी बघताना घड्याळाकडे बघत बसतात. ही आधी पेशंटच्या तोंडाकडे बघायची. वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायका तिला नावानं हाक मारायच्या. आणि तिची आणखी एक सवय होती, ती मला तेव्हा खटकायची. समजलं नाही की ती सरळ समजलं नाही म्हणायची. सगळ्या वर्गासमोर. आपल्याकडे असं कोण म्हणतं हो? शिकवणाऱ्यालाही ते नको असतं. माझा तास झाला की सगळ्यांनी ‘येस मॅडम’ म्हणावं आणि मी डस्टर ठेवून निघावं, हा माझा नेम. ही मधेच हात वर करायची. मी पुन्हा समजावायचे, पण कपाळावर आठी घालूनच.

वार्षिक प्रॅक्टिकल आली. आमच्याकडे बीपीची परीक्षा घ्यायला एक खास स्टेथोस्कोप असतो. तबकडी एकच, पण कानात घालायच्या नळ्यांच्या जोड्या दोन. एक मुलीच्या कानात, एक परीक्षकाच्या. दोघी एकच आवाज ऐकतात, म्हणजे मुलगी खरं सांगते की खोटं, ते जागच्या जागी कळतं. हे सगळं याच एका कामासाठी बनवलेलं आहे — परीक्षकानं ऐकावं यासाठी. हे लक्षात ठेवा.

तबकडीचं एक वागणं आहे, तेही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिला दोन बाजू असतात, एक मोठी सपाट, एक लहान खोलगट. देठावर ती गरकन फिरते आणि एका वेळी एकच बाजू उघडी असते. लहान बाजू उघडी राहिली तर मोठी बाजू हाताला कितीही दाबा, कानात शुकशुकाट. दार बंद असलेल्या खोलीबाहेर उभं राहिल्यासारखं. म्हणून वापरायच्या आधी तबकडीवर बोटानं टिचकी मारून बघायची. साधी गोष्ट. शेंबडं पोरही शिकेल.

पुरुषांच्या वॉर्डात परीक्षा होती. पेशंट म्हणून हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक गप्पिष्ट काका निवडले होते, प्रकृती छान, दुसऱ्या दिवशी घरी जायचे. सकाळी मी माझ्या स्वतःच्या स्टेथोनं त्यांचं बीपी बघून ठेवलं होतं. एकशे बत्तीसवर चौऱ्याऐंशी. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, तोंडी प्रश्न विचारायला. बीपीच्या वेळी दुसरी जोडी कानात घालून मी उभी.

पहिली मुलगी आली. तिनं छान घेतलं. मलाही ठक् ठक् आवाज आला, आकडा जुळला, मी मान डोलावली. मग मी स्पिरिटच्या बोळ्यानं तबकडी पुसली. दोन्हीकडून, चांगली घासून — मला स्वच्छतेचा सोस आहे. आणि टिचकी मारली नाही.

दुसरी मुलगी आली. पट्टा बांधला, फुगवला, हवा सोडायला लागली. मला काही ऐकू आलं नाही. मी मनात म्हटलं, माझ्या बाजूची नळी जुनी झालीय, सैल बसत असेल. वरती पंखाही घरघरत होता. तोवर मुलगी म्हणाली, एकशे तीसवर चौऱ्याऐंशी. मला काय वाटलं असेल? बरोबर तर सांगतेय, म्हणजे हिला ऐकू आलं. मी मान डोलावली. तिसरी आली. पुन्हा माझ्या कानात काही नाही, पुन्हा आकडा बरोबर. चौथी आली. तेच. मी तीनदा मान डोलावली होती. माझ्या कानात तीनदा काहीच नव्हतं आलं.

त्या मुलींना आकडा कुठून मिळाला, हे कळायला ज्योतिषी नको. आत जाऊन आलेली मुलगी बाहेर पॅसेजमध्ये उभ्या असलेल्यांच्या कानात आकडा सांगते. ही आमच्याकडची जुनी रीत. मीही विद्यार्थिनी असताना घेतलाय आणि दिलाय. सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे कानाडोळा करतात.

पाचवी दर्शना.

तिनं सगळं नीट केलं. काकांना आधी विचारलं, आत्ता चालून आलात का, चहा घेतलात का, हात दुखतो का. पट्टा बरोबर बांधला. आधी नाडीवर बोटं ठेवून वरचा आकडा अंदाजला — ही पायरी निम्म्या मुली गाळतात. मग तबकडी ठेवली, हवा सोडली, ऐकलं. पुन्हा फुगवलं. पुन्हा ऐकलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “मॅडम, नाडीवर एकशे तीसच्या आसपास लागतंय. पन नळीत मला कायच ऐकू नाय येत.”

मी म्हटलं, पुन्हा घे. तिनं काकांच्या हाताला थोडा आराम दिला आणि पुन्हा घेतलं. मीही कान देऊन ऐकलं. या वेळी खरंच ऐकलं, पंख्याबिंख्याला दोष न देता. काही नव्हतं. अगदी काही नव्हतं. ती पुन्हा म्हणाली, नाय येत. काका हसून म्हणाले, अगं, मी जिवंत आहे ना? वॉर्डातले दोघंतिघं हसले. परीक्षक बाई उठून जवळ आल्या. काय चाललंय, विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुम्हाला येतंय का आवाज?

आता बघा, माझ्याकडे एक क्षण होता. नाही म्हणायचं, टिचकी मारायची, तबकडी फिरवायची, हसायचं. एवढंच काम. पण ‘नाही’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न सरळ होता — मग आधीच्या तिघींना तुम्ही मान कशाला डोलावत होतात? बाहेरच्या कॉलेजातून आलेली बाई. माझ्या वॉर्डात, माझ्या मुलींसमोर. माझी दातखीळ बसली असती तरी चाललं असतं. ती बसली नाही.

मी म्हणाले, “मला तर स्पष्ट ऐकू येतंय.”

आवाज चढवून म्हणाले. जरा हसूनही. दर्शनानं माझ्याकडे जे बघितलं ना — राग नव्हता त्यात, शंकासुद्धा नव्हती. तिनं कानातल्या नळ्या काढल्या आणि करंगळीनं स्वतःचा कान चोळला. मी खरं बोलतेय हे तिनं गृहीत धरलं होतं. परीक्षक बाईंनी खाली मान घालून बीपीचे सगळे गुण कापले. तोंडी प्रश्नांत तिला रडू फुटलं, तिथेही ती अडखळली. प्रॅक्टिकलला नापास.

तिच्यानंतरच्या मुलींनीही आकडा सांगितला आणि मी मान डोलावत गेले. परीक्षा संपल्यावर सामान आवरायला मी थांबले. स्टेथो पुसायला घेतला आणि तबकडी बोटांत गरकन फिरली. तेव्हा कळलं. टिचकी मारून बघितली — आता आवाज खणखणीत. ती फिरवली होती मीच, पहिल्या मुलीनंतर पुसताना. मी तिथे उभी राहिले. पाचावर धारण बसणं म्हणतात ना, तसं झालं. पण घाबरले कशाला? अजून काहीच हातचं गेलं नव्हतं. परीक्षक बाई स्टाफरूममध्ये डबा खात होत्या, गुण अजून पाकिटात बंद केलेले नव्हते. दोन दारं ओलांडली की झालं. बाई, तबकडी बंद होती, त्या सगळ्यांची परीक्षा पुन्हा घेऊ. एवढं एक वाक्य.

मी गेले. दारात उभी राहिले. बाईंनी वर बघून विचारलं, ताक घेणार का? मी घेते म्हणाले. बसले आणि ताक प्यायले. चवीला छान होतं, जिऱ्याची पूड घातलेली. मग त्यांनी गुणांचं पाकीट बंद केलं आणि मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले.

इथे थांबले असते तर मी म्हणाले असते, चूक झाली, वेळ मारून नेली. पण मी इथे थांबले नाही.

निकालानंतर दर्शनाचे वडील कॉलेजात आले. पांढरा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी घरचे तांदूळ. नापास झालेल्या मुलीचा बाप मास्तरणीला तांदूळ घेऊन येतो! त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “मॅडम, पोरीच्या कानात काय दोष हाय का?”

बघा, हा माणूस मला वाट मोकळी करून देत होता. कान चांगले आहेत हो तिचे — इतकं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माझी चूक कबूल करायचीसुद्धा गरज नव्हती. आणि मी काय म्हणाले? एकदा दाखवून घ्या. काळजीचा चेहरा करून म्हणाले. म्हणाले, बाकी मुलगी हुशार आहे, पण कानाचं काही असेल तर या कामात पुढे त्रास होईल. तांदूळ ठेवून घेतले. घरी त्याचा भात केला. मुलांना आवडला, नवऱ्यानं विचारलं कुठून आणलेस, मी म्हणाले एका पालकांनी दिले.

यापेक्षा मोठा खोटेपणा मी आयुष्यात केलेला नाही. पहिला माझ्या तोंडून घाईत निघाला होता. हा मी तोलूनमापून काढला.

सहा महिन्यांनी फेरपरीक्षा होती. दर्शना आली नाही. चुलते खरे ठरले होते. मग कुणीतरी सांगितलं तिचं लग्न ठरलं, मग कुणीतरी सांगितलं झालं. मी अरे वा म्हणाले. ते लग्न चांगलं झालं, नवरा बरा निघाला, ती भावाच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसायला लागली आणि तिथे तिचा शब्द चालतो — हे सगळं मला हळूहळू कळत गेलं, आणि प्रत्येक वेळी मी स्वतःला म्हटलं, बघ, पोरीचं काही वाईट झालं नाही. किती सोयीचं असतं हो असं म्हणणं!

आणि माझं काय झालं? माझं फार छान झालं. ऐका तर.

त्या वर्षानंतर मी एक युक्ती काढली. बीपी शिकवायच्या पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम, कुणाला न सांगता, तबकडी फिरवून ठेवते. बंद. मुलींना सांगते, बाजूच्या मैत्रिणीचं बीपी घ्या. एकेक जण घेते आणि ऐटीत आकडा सांगते — एकशे वीसवर ऐंशी, एकशे दहावर सत्तर. सगळ्यांचे सांगून झाले की मी तबकडी वर धरते, फिरवून दाखवते आणि विचारते, कुठून आणलेत हे आकडे? वर्ग गार पडतो. मग जिनं सगळ्यात ऐटीत सांगितलेलं असतं तिला उभी करून मी अशी काही झाडते की ती जन्मात विसरत नाही. माझी ही युक्ती आता दुसऱ्या कॉलेजांतल्या बायका वापरतात. एका कार्यक्रमात मला व्यासपीठावर बोलावून ती सांगायला लावली. प्रामाणिकपणा कसा शिकवावा याचा नमुना, असं कुणीतरी म्हणालं. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. ही युक्ती तुम्हाला सुचली कशी, असं एकीनं विचारलं. मी म्हणाले, अनुभवातून. टाळ्या पडल्या.

मला लाज वाटत होती का? खरं सांगू — फारशी नाही. युक्ती चांगलीच आहे. तिनं पुष्कळ मुली सुधारल्या. मी त्या पुष्कळ मुली एका पारड्यात टाकत गेले आणि एका मुलीचं पारडं उचललं जातंय असं मानत गेले. चांगलं काम करणाऱ्या माणसाला स्वतःला माफ करायला वेळ लागत नाही. मला तर मुळीच लागला नाही.

गेल्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत दर्शना माझ्या घरी आली. नवीन पनवेलला, पत्ता शोधत. अंगानं भरलेली, केस छान कापलेले, हातात स्कूटीची किल्ली. बरोबर एक सडपातळ मुलगी — ऋतुजा, तिची धाकटी बहीण, घरातलं शेंडेफळ. त्या परीक्षेच्या वेळी ही पहिलीदुसरीत असेल. हिला नर्सिंगला घालायचं होतं. चुलत्यांनी पुन्हा विरोध केला होता. दर्शनानं त्यांना सुनावलं होतं — मी नापास झालू ती माझ्यामुळे झालू, त्यात शिक्षणाचा दोष नाय. आणि घालीन तर त्याच मॅडमच्या हाताखाली घालीन.

मी चहा केला. कपांचा आवाज होऊ नये म्हणून जपत होते, का कोण जाणे. ती मोकळेपणानं बोलत होती. वडिलांनी तिला पनवेलच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं म्हणाली. कानाला मोठे डबे लावून तपासलं. डॉक्टर म्हणाला, कान एकदम चांगले. मग मीच समजले, म्हणाली, कान चांगले म्हंजे माझंच ध्यान नसंल. घाबरली असेन. मी कसंबसं विचारलं, तुला कधी असं नाही का वाटलं, की — की तो स्टेथोच बिघडलेला असेल?

ती हसली. “नाय मॅडम. तुमाला येत होतं ना ऐकू. तुमी खोटं कशाला बोलाल?”

ती समोर बसली होती. हातभर अंतरावर. नवरा घरी नव्हता, मुलं आपापल्या खोल्यांत. माझ्या तोंडावर कुणी हात ठेवलेला नव्हता. मी म्हणाले, आणखी थोडा चहा घे. ऋतुजाचा प्रवेश मी स्वतः उभी राहून करून दिला आणि त्या संध्याकाळी मला बरं वाटलं. आता परतफेड झाली, असं वाटलं. निर्लज्जपणाला काही सीमा?

ऋतुजा चांगली आहे. बहिणीसारखाच हात, तशीच आधी पेशंटच्या तोंडाकडे बघते. मी तिच्यावर विशेष लक्ष ठेवून होते. हिला मी एक नंबरची सिस्टर करणार, असं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. मग बीपीचा आठवडा आला. रीतीप्रमाणे मी तबकडी फिरवून ठेवली. मुली एकेक करून आकडे सांगत गेल्या. मग ऋतुजाची पाळी आली. मला खात्री होती — ही नाय म्हणणार. ही तिचीच बहीण. वर्गासमोर उभी राहून म्हणणार, मॅडम, कायच ऐकू नाय येत. आणि मी तिची पाठ थोपटणार, सगळ्यांना सांगणार, बघा, याला म्हणतात नर्स. ते वाक्यसुद्धा तयार होतं माझ्याकडे.

ऋतुजानं नीट ऐकलं. मान वर केली. एकशे अठरावर शहात्तर, म्हणाली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मी तबकडी दाखवली, फिरवली. वर्ग गार पडला, नेहमीसारखा. सगळ्या वाट बघत होत्या, आता मॅडम कुणाला तरी झाडणार. मी कुणालाच काही बोलले नाही, तास सोडून दिला. ऋतुजाला थांबवलं. विचारलं, ऐकू आलं नव्हतं ना? तिनं मान हलवली. मग का सांगितलास आकडा?

ती बिचकली नाही. उलट तिला वाटलं असावं की हे तर मला कळेलच, मी त्यांच्या घरचीच आहे. म्हणाली, “ताईनं सांगितलंय. ऐकू नाय आलं तरी नाय म्हणायचं नाय. ताईला त्या वेळी आकडा ठाऊक होता मॅडम, पोरींनी बाहेर सांगितला होता. तो बोलली अस्ती तर आज ती सिस्टर अस्ती.”

तिला आकडा माहीत होता. हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. मी समजत होते ती बिचारी पॅसेजमध्ये कुणाशी बोलली नसेल, म्हणून अडकली. पण एकशे तीसवर चौऱ्याऐंशी तिच्या ओठांवर तयार होतं, आणि कानात काही नव्हतं म्हणून तिनं ते गिळलं. मी दरवर्षी पहिल्या दिवशी जे शिकवते ते अख्ख्या वॉर्डात तिनं एकटीनं केलं होतं. आणि आता तीच बहिणीला घरी बसवून सांगते — नाय म्हणायचं नाय. हे तिला कुणी शिकवलं? मी शिकवलं. माझं शिकवलेलं मुली विसरत नाहीत, असं मघाशी तुम्हाला सांगितलंच.

मी ऋतुजाला म्हणाले, जा, जेवून घे. ती गेली.

दर्शना रोज संध्याकाळी तिला न्यायला कॉलेजच्या गेटवर स्कूटी घेऊन येते. मी दिसले की हेल्मेट काढून नमस्कार करते. मीही करते. परवा तिनं ओरडून विचारलं, मॅडम, आमची पोर कशी हाय अभ्यासात? मी म्हणाले, छान आहे. अगदी तुझ्यासारखी आहे.

तेही खोटं होतं.